दप्तरे चार, जमीन एकच

जमिनीविषयी आलेली पत्रे एकत्र वाचायला घेतली की तक्रारी निरनिराळ्या असूनही त्यांचे मूळ बहुधा एकाच ठिकाणी सापडते. भारतात जमीन हा संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीचा विषय आहे, त्यामुळे प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. आणि एका राज्यातही जमिनीचे दप्तर एका छताखाली नाही. महाराष्ट्रात जमीन कोणाच्या नावावर आहे हे महसूल खाते लिहिते, ती कोठे व किती आहे हे भूमी अभिलेख खाते मोजते, तिचा कोणता व्यवहार झाला हे दुय्यम निबंधक नोंदवतात आणि तिच्यावर काय करता येईल हे नगररचना खाते ठरवते. या चारपैकी एका कागदाकडून दुसऱ्या कागदाच्या प्रश्नाचे उत्तर मागितले की घोळ सुरू होतो. या अंकासाठी निवडलेल्या पत्रांतही तेच दिसते. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी २००९ मध्ये सातारा जिल्ह्यात तीन एकर जिरायत जमीन रीतसर नोंदणीकृत खरेदीखताने घेतली. ताबा तेव्हापासून माझाच आहे. नोकरी बाहेरगावी असल्याने फेरफार करून घ्यायचा राहून गेला. विकणारे गृहस्थ पुढे वारले, त्यांच्या मुलांनी वारसनोंद करून सातबारावर आपली नावे लावली आणि आता त्या जमिनीवर सोसायटीचे पीककर्जही काढले आहे. गावकामगार म्हणतात, सातबारावर ज्याचे नाव तोच मालक. मग माझ्या खरेदीखताला काहीच किंमत नाही का?

उत्तर : आहे, आणि ती सातबाऱ्यापेक्षा जास्त आहे. स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्ताने पूर्ण होते. फेरफार ही त्या विक्रीची महसुली दप्तरात घेतलेली दखल असते. विकणाऱ्याने २००९ मध्येच आपला हक्क आपल्याला देऊन टाकला असल्यामुळे त्याच्या मृत्यूच्या वेळी त्या जमिनीत वारसांकडे जाण्यासारखे काही उरलेले नव्हते, आणि वारसनोंदीने नवा हक्क जन्माला येत नाही. फेरफार नोंदीने मालकी मिळत नाही अथवा जातही नाही, ती केवळ महसूल कोणाकडून घ्यायचा यासाठी असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या सावर्णी विरुद्ध इंदर कौर या निकालात सांगितले आणि त्यानंतर २०२१ पर्यंत अनेकदा पुन्हा सांगितले आहे.

असे असूनही गावात सातबाऱ्यालाच मालकीचा कागद का मानले जाते, याला इतिहास आहे. मुंबई इलाख्यातली पद्धतशीर मोजणी आणि आकारणी गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून सुरू केली; तिच्याआधीची प्रिंगल यांची आकारणी इतकी जड होती की शेतकरी गावे सोडून जाऊ लागले होते. या साऱ्या खटाटोपाचा हेतू सारा ठरवणे आणि वसूल करणे हा होता. हक्कनोंदणीचा कायदा मुंबई इलाख्यात १९०३ मध्ये आला, म्हणजे मोजणीनंतर सुमारे सत्तर वर्षांनी. आजचा महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हा कायदा त्याच परंपरेतला आहे आणि त्याच्या नावातच ‘महसूल’ आहे. या संहितेचे कलम १५७ असे सांगते की अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी समजावी. ‘विरुद्ध पुरावा येईपर्यंत’ हे शब्द गावात कोणी उच्चारत नाही. बँक, सोसायटी, पीकविमा, नुकसानभरपाई, सगळीकडे सातबाराच चालतो, आणि व्यवहारात या गृहीतकाचे वजन मालकीइतकेच होऊन बसते.

म्हणून खरेदीखत हाती असले तरी आपण स्वस्थ बसण्यात अर्थ नाही. हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तो कळवावा असे कलम १४९ सांगते, परंतु ती मुदत उलटल्याने खरेदी रद्द होत नाही. दस्ताची प्रमाणित प्रत आणि सूची क्रमांक दोनचा, म्हणजे नोंदणी कार्यालयातील दस्ताच्या नोंदीचा, उतारा जोडून आजच ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे, अर्ज करावा आणि त्याची पोच घ्यावी. कलम १५० प्रमाणे नोंद गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफारांच्या नोंदवहीत, धरली जाईल, चावडीवर लागेल आणि संबंधितांना नोटिसा निघतील. मयताची मुले हरकत घेतील हे गृहीत धरा. हरकत आली की प्रकरण नमुना सहा-अ मध्ये, म्हणजे विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते आणि मंडळ अधिकारी दोन्ही बाजू ऐकून निर्णय देतात. निर्णय विरुद्ध गेला तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे साठ दिवसांत अपील करता येते. सुनावणीत ताब्याचा पुरावा फार उपयोगी पडतो: पीकपाहणीच्या नोंदी, विहिरीवरच्या पंपाचे वीजबिल, शेतसाऱ्याच्या पावत्या, कारखान्याला ऊस घातला असेल तर त्याची बिले.

दोन गोष्टी मात्र वेळीच करा. सोसायटीला खरेदीखताच्या प्रतीसह लेखी कळवा, कारण तिने सातबाऱ्यावर विसंबून कर्ज दिले आहे आणि तिचा बोजा ‘इतर हक्क’ या रकान्यात बसला आहे; तो आपोआप निघणार नाही. आणि समोरच्यांनी खरेदीखतच खोटे असल्याचा पवित्रा घेतला, तर महसुली अधिकाऱ्यांपुढे वर्षे न घालवता दिवाणी न्यायालयात मालकी जाहीर करून मागणारा दावा दाखल करा. दस्त खरा की खोटा हे ठरवण्याचा अधिकार मंडळ अधिकाऱ्याला नाही, आणि तसा तो असावा असे आपणही म्हणू नये.

प्रश्न : सरकार मुद्रांक शुल्क घेते, नोंदणी फी घेते, सातबारा देते. मग मालकीची हमी का देत नाही? (पुणे)

उत्तर : कारण आपल्याकडे दस्ताची नोंदणी होते, हक्काची होत नाही. १९०८ च्या नोंदणी अधिनियमाप्रमाणे दुय्यम निबंधक मुख्यतः दस्त कोणी करून दिला, त्याची ओळख पटली का आणि शुल्क भरले का हे पाहतात. विकणाऱ्याला विकण्याचा हक्क होता का, याचा शोध घेणे ही खरेदीदाराची जबाबदारी मानलेली आहे. म्हणूनच तीस-तीस वर्षांचे शोध अहवाल काढणाऱ्या वकिलांची गरज आपल्याकडे संपत नाही.

हमी देणारी पद्धत जगात आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्स यांच्या पुढाकाराने १८५८ मध्ये असा कायदा झाला की सरकारी नोंदवहीत ज्याचे नाव तोच मालक, आणि त्या नोंदीतल्या चुकीमुळे कोणाचे नुकसान झाले तर भरपाई सरकारी निधीतून. भारतातही २००८ मध्ये सुरू झालेल्या भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रमाचे दूरचे उद्दिष्ट हेच होते. त्यातले संगणकीकरण पुष्कळ पुढे गेले. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला, आणि जुन्या हेलपाट्यांच्या मानाने ही सोय मोठीच म्हटली पाहिजे. परंतु संगणकावर चढली ती जुनीच नोंद. मयत खातेदार, न मोजलेले पोटहिस्से, कधीच न उतरलेले बोजे हे सगळे तसेच्या तसे चढले. अशा नोंदींची हमी सरकारने उद्या दिली, तर भरपाईचा पहिला हप्ताच तिजोरीला पेलणार नाही. माझ्या मते हमीच्या कायद्याची चर्चा करण्याआधी सातबारा आणि नकाशा यांचा मेळ बसवण्यावर पैसा आणि माणसे लावली पाहिजेत. ते काम कंटाळवाणे आहे, त्याचे उद्घाटन करता येत नाही, म्हणून मागे पडते. पुढच्या पत्रात त्याचेच उदाहरण आहे.

प्रश्न : माझ्या खरेदीखतात दोन एकर, सातबारावरही ०.८१ हेक्टर. सरकारी मोजणी केली तर प्रत्यक्षात ०.७७ च भरली. शेजारी म्हणतो, माझा बांध वडिलांपासून आहे तेथेच आहे. सातबारावरचे क्षेत्र खरे की मोजणीचे? (अहिल्यानगर जिल्हा)

उत्तर : सातबारा क्षेत्र सांगतो, पण ते जमिनीवर कोठून कोठपर्यंत आहे हे सांगत नाही, ते काम नकाशाचे. आपल्या पत्रात फरक चार आरांचा, म्हणजे जवळजवळ चार गुंठ्यांचा आहे. जुनी मोजणी शंकू साखळीने होत असे: तेहेतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. त्या पद्धतीत एखाद-दुसऱ्या आण्याचा फरक पडणे साहजिक होते आणि पुढे एकराचे हेक्टर करतानाही थोडे इकडेतिकडे झाले. तथापि दोन एकरांत चार गुंठे हा फरक साखळीच्या माथी मारता येत नाही. कारण दुसरीकडे शोधायला हवे.

सर्वांत आधी आपला गट किंवा सर्व्हे नंबर कधी फुटला ते पाहा. कित्येक ठिकाणी भावाभावांनी आपसांत वाटप केले, तलाठ्याने त्यावरून फेरफार घेतला, एकाचे दोन सातबारे झाले, पण भूमी अभिलेख कार्यालयात पोटहिस्सा मोजणी कोणी केलीच नाही. सातबारा फुटला, नकाशा अखंड राहिला. अशा वेळी प्रत्येकाच्या उताऱ्यावरची बेरीज कागदावर जुळते, कारण ती भागाकार करूनच लिहिलेली असते. जमिनीवर मात्र एक भाऊ विहिरीच्या कडेने सरकलेला असतो आणि दुसऱ्याच्या वाट्यात पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन, जास्त गेलेला असतो. आपण ज्यांच्याकडून जमीन घेतली त्यांचा हिस्सा असाच कागदावर पडलेला असेल, तर त्यांनी आपल्याला विकलेले दोन एकर मुळात दोन एकर होते का, हाच प्रश्न आहे.

म्हणून उप अधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या कार्यालयातून पुढील नकला मागवा: मूळ सर्व्हे नंबरचे टिपण (मोजणीच्या मापांचा कच्चा नकाशा), फाळणी झाली असल्यास फाळणी (पोटविभागणी) नकाशा, आकारबंदाचा (प्रत्येक नंबरचे क्षेत्र व आकारणी लिहिलेल्या दप्तराचा) उतारा, आणि गावात एकत्रीकरण योजना झाली असल्यास गटाचा नकाशा व जबाब. आकारबंदातले एकूण क्षेत्र आणि त्या नंबरच्या सर्व सातबाऱ्यांची बेरीज जुळते का, हे स्वतः कागदपेन्सिल घेऊन करून पाहा. बेरीज जास्त येत असेल तर चूक महसुली दप्तरात आहे. लेखनातली चूक तहसीलदार कलम १५५ खाली दुरुस्त करू शकतात, पण ते कलम फक्त लेखनप्रमादासाठी आहे. चार गुंठे कोणाचे, हा वाद त्याखाली सुटत नाही, आणि तसा दिलेला आदेश अपिलात टिकत नाही.

बेरीज जुळत असेल तर प्रश्न हद्दीचा आहे. भूकरमापकाने केलेली मोजणी आपल्याला किंवा शेजाऱ्याला मान्य नसेल तर निमताना मोजणी मागता येते; ती उप अधीक्षक स्वतः करतात आणि तीही अमान्य असेल तर जिल्हा अधीक्षकांकडे सुपर निमताना. मोजणीच्या दिवशी शेजाऱ्याला नोटीस लागू झाली होती याचा कागद जपून ठेवा. शेजारी हजर नव्हता या एका मुद्द्यावर मोजण्या निरुपयोगी ठरतात. मोजणीची ‘क’ प्रत मिळाली म्हणजे ताबा मिळाला असे नाही. हद्द ठरल्यावर अतिक्रमित पट्टा परत मिळवण्यासाठी संहितेच्या कलम १३८ खाली अर्ज किंवा दिवाणी दावा हे मार्ग आहेत. ‘वडिलांपासून बांध’ हे शेजाऱ्याचे म्हणणे मात्र हसण्यावारी नेऊ नका. बारा वर्षांहून अधिक काळ उघड आणि आपल्या हक्काविरुद्ध ताबा असल्याचे त्याने सिद्ध केले, तर मोजणी आपल्या बाजूने असूनही न्यायालयात त्याचे पारडे जड होऊ शकते. चार गुंठ्यांसाठी किती वर्षे द्यायची, याचा विचार बांधावर उभे राहून दोघांनी एकदा करावा असे मला वाटते. तडजोड झाली तर ती नोंदणीकृत करावी आणि तिच्याप्रमाणे मोजणी करून नकाशा दुरुस्त करून घ्यावा.

प्रश्न : नाशिकजवळ दोन गुंठ्यांचा प्लॉट विकत घेण्याचा विचार आहे. विकणारे म्हणतात, ‘एनए (अकृषिक) होणारच आहे, तोपर्यंत सामाईक सातबारावर नाव लावून देतो.’ घ्यावा का?

उत्तर : आहे त्या स्थितीत घेऊ नये. येथे तीन कायदे एकमेकांत गुंतलेले आहेत. शेतजमीन विकत घेण्यासाठी घेणारा शेतकरी असावा लागतो, हे कुळकायद्याच्या कलम ६३ चे बंधन. जमिनीचा ठरलेल्या प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पाडून विकता येत नाही, हे १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याचे. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने बहुतांश जिल्ह्यांत हे क्षेत्र जिरायतीसाठी २० आणि बागायतीसाठी १० गुंठे झाले. म्हणजे दोन गुंठे कोठेच बसत नाहीत. जुने व्यवहार नियमित करण्याच्या अटी गेल्या काही वर्षांत वारंवार शिथिल झाल्या हे खरे, पण झालेली चूक पुढे माफ होते या भरवशावर नवी चूक विकत घेणे शहाणपणाचे नाही.

तिसरा कायदा १९६६ चाच, प्रादेशिक नियोजन व नगररचनेचा. ‘एनए होणार’ या शब्दांचा अर्थ विक्रेत्याने काहीही लावला तरी कायद्यातला अर्थ ठरलेला आहे. अंतिम विकास आराखडा किंवा प्रादेशिक योजना लागू असलेल्या भागात जमीन ज्या वापरासाठी दाखवली असेल, त्या वापरासाठी जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ब व ४२-क नुसार वेगळ्या अकृषिक परवानगीची गरज उरलेली नाही. रूपांतर कर, अकृषिक आकारणी आणि लागू असल्यास नजराणा (शासनाला द्यायची रक्कम) भरला की वापर बदललेला मानला जातो. गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरच्या आतील जमिनीसाठी कलम ४२-ड मध्ये अशीच तरतूद आहे. यातून एक सोपी कसोटी मिळते. जमीन निवासी विभागात असेल तर ‘होणार’ म्हणण्याचे कारण नाही, कागद आत्ताच दाखवता येतात. आणि ती शेती किंवा ना-विकास विभागात असेल तर विक्रेत्याच्या म्हणण्याने ती निवासी होत नाही.

तेव्हा नगररचना कार्यालयाचा झोन दाखला आणि भाग नकाशा, मंजूर रेखांकन आणि त्या रेखांकनाप्रमाणे झालेली मोजणी, एवढे मागा. सामाईक सातबारावर नाव लागले तरी आपला प्लॉट कोणता हे त्यावरून कळत नाही. वीस सहहिस्सेदारांपैकी एकाने वाद काढला की सगळे अडकतात. महापालिका बांधकाम परवानगी देत नाही आणि बँक कर्ज देत नाही, हे तर नंतर येतेच.

प्रश्न : सातबारावर ‘भोगवटादार वर्ग २’ आणि खाली कुळकायदा कलम ४३ असा शेरा आहे. आजोबांना कुळ म्हणून जमीन मिळाली होती. विकता येईल का? (कोल्हापूर जिल्हा)

उत्तर : बहुधा येईल. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनापासून कुळे मालक मानली गेली आणि त्यांनी ठरलेली किंमत भरल्यावर कलम ३२-म चे प्रमाणपत्र दिले गेले. त्या जमिनी परवानगीवाचून विकता येऊ नयेत म्हणून हा शेरा. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, प्रमाणपत्राला दहा वर्षे झाली असतील तर जमीन आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, चाळीस पट नजराणा भरून शेतकऱ्याला विकता येते. आकारच मुळात काही रुपयांत असल्यामुळे ही रक्कम किरकोळ असते. आधी ३२-म चे प्रमाणपत्र शोधा. ते सापडत नसेल तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नक्कल मागा. शेरा देवस्थान इनामाचा किंवा महार वतनाचा असता तर उत्तर वेगळे आणि पुष्कळ कडक असते.

प्रश्न : आमच्या गावात १९८८ मध्ये बांधलेली शाळा ‘झुडपी जंगल’ नोंद असलेल्या जमिनीवर आहे. नवीन वर्गखोल्यांना परवानगी मिळत नाही. जमीन महसूल खात्याची, मग वन खाते मध्ये कोठून आले? (चंद्रपूर जिल्हा)

उत्तर : हा प्रश्न पूर्व विदर्भातील सहा जिल्ह्यांचा आहे: नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली. ही गावे पूर्वी मध्य प्रांतातील मालगुजारीत, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या पद्धतीत, होती. १९५१ मध्ये मालगुजारी संपली तेव्हा गावाभोवतीच्या खुरट्या झुडपांच्या, गुरे चारण्याच्या जमिनी शासनाकडे आल्या आणि महसुली दप्तरात ‘झुडपी जंगल’ म्हणून लिहिल्या गेल्या. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा भाग मुंबई राज्यात आला, तो या नोंदींसह. त्या काळी ही नोंद निरुपद्रवी होती. शाळा, दवाखाने, स्मशानभूमी, घरे, कार्यालये त्याच जमिनींवर उभी राहिली, कारण गावाजवळ मोकळी सरकारी जमीन तीच होती.

१९८० मध्ये वन संवर्धन अधिनियम आला आणि वनजमिनीच्या वनेतर वापराला केंद्राची पूर्वपरवानगी लागू लागली. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शासकीय अभिलेखात ज्या जमिनीची नोंद वन म्हणून आहे तिला, मालकी कोणाचीही असो, हा कायदा लागू होतो. मालगुजारी काळातली एक नोंद अशा रीतीने चार दशकांनी कायद्याच्या कक्षेत आली. राज्य शासनाने वर्षानुवर्षे म्हटले की ही झुडपे म्हणजे वन नव्हे. अखेर २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की सुमारे ८६ हजार हेक्टर झुडपी जंगल हे वनच समजायचे. मात्र १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने वाटप केलेल्या जमिनींसाठी राज्य शासनाने केंद्राकडे एकत्रित प्रस्ताव पाठवून त्या वनक्षेत्रातून वगळून घ्याव्यात, आणि त्यासाठी पर्यायी वनीकरणाची किंवा निव्वळ वर्तमान मूल्य (वनजमिनीच्या मोबदल्यात घेतली जाणारी रक्कम) भरण्याची अट असणार नाही. त्यानंतरच्या वाटपांना ही सवलत नाही. उलट ती करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई झाल्याशिवाय प्रस्ताव पुढे जाऊ नयेत, असे न्यायालयाने बजावले.

आपली शाळा १९८८ ची असल्याने ती सवलतीच्या बाजूला पडते, पण एका अटीवर: जमीन शाळेला सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाने मिळाली होती हे दाखवता आले पाहिजे. १९८० नंतरचे वाटप असल्याने तो आदेश अधिकच महत्त्वाचा. जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात आणि तहसील कार्यालयात त्याचा शोध घ्या, ग्रामपंचायतीचा ठराव करून प्रत उपविभागीय अधिकाऱ्यांना द्या आणि आपल्या गट क्रमांकाचा समावेश जिल्ह्याच्या प्रस्तावात झाला आहे का ते लेखी विचारा. तोपर्यंत वर्गखोल्या न देणे हे कार्यालयाचे वागणे त्रासाचे असले तरी बेकायदा नाही.

प्रश्न : आमची वडिलोपार्जित जमीन बार्देशात आहे. एक-चौदाच्या उताऱ्यावर वेगळ्याच माणसाचे नाव दिसते. आमच्याकडे पोर्तुगीज काळातले कागद आहेत. काय करावे? (मुंबईस्थित गोमंतकीय वाचक)

उत्तर : गोव्याचे दप्तर महाराष्ट्रापेक्षा निराळे आहे. तेथे १९६८ ची भूमी महसूल संहिता लागू आहे आणि नमुना एक व चौदा हा उतारा आपल्या सातबाऱ्याच्या जागी येतो. मुक्तीनंतरच्या भूमापनात त्यावरची नावे लिहिली गेली तेव्हा जी कुटुंबे मुंबईत, आफ्रिकेत किंवा आखातात होती, त्यांच्या जमिनीसमोर जागेवर असलेल्या माणसाचे नाव पडले, असे पुष्कळ ठिकाणी घडले आहे. ही नोंदही विरुद्ध पुरावा येईपर्यंतच खरी मानायची असते. पोर्तुगीज काळातील भूनोंदणी कार्यालयातले वर्णन आणि त्यावरचे नाव हा मालकीचा कितीतरी बळकट पुरावा आहे. जमीन कोमुनिदादची, म्हणजे गावकारीची असेल तर मात्र प्रश्न वेगळा. तेथे १९६१ ची कोमुनिदाद संहिता पाहावी लागते आणि आपल्या पूर्वजांकडे मालकी होती की फक्त आफ्रामेंतचा, म्हणजे कायम भाडेपट्ट्याचा हक्क होता, हे आधी ठरवावे लागते.

दुर्लक्षित जमिनी बनावट जुन्या दस्तांच्या आधारे परस्पर विकल्याच्या इतक्या तक्रारी गोव्यात आल्या की २०२२ मध्ये सरकारने विशेष तपास पथक नेमले आणि निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा चौकशी आयोगही बसवला. परगावी राहणाऱ्या मालकांच्या जमिनी अशा व्यवहारांना सहज बळी पडतात. म्हणून प्रथम पुरातत्त्व व पुराभिलेख खात्यातून मूळ कागदांच्या प्रमाणित नकला घ्या, दुय्यम निबंधकांकडे त्या सर्व्हे क्रमांकावर अलीकडे काही दस्त झाला आहे का ते पाहा, आणि सध्याचे नाव अलीकडच्या फेरफाराने लागले असेल तर त्या फेरफाराविरुद्ध दाद मागा. नाव पहिल्या भूमापनापासूनच असेल तर दिवाणी न्यायालयाशिवाय मार्ग नाही.

प्रश्न : गावठाणातल्या आमच्या वाड्याला सातबाराच नाही. मी परदेशात असतो, ग्रामपंचायतीची घरपट्टी नियमित भरतो. ती पावती मालकीची समजायची का? (लंडन)

उत्तर : नाही. घरपट्टीची पावती आणि ग्रामपंचायतीचा नमुना आठ हे कर आकारणीचे कागद आहेत. गावठाणातल्या जागांना शेतसारा नसल्यामुळे त्यांचे सातबारे निघाले नाहीत, आणि त्यामुळे कित्येक गावांत घरांचा नकाशाही नव्हता. हे काम आता ड्रोनने होत आहे. पुरंदर तालुक्यातील सोनोरी या गावी महाराष्ट्राने त्याचा प्रयोग आधी केला होता. केंद्राची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजी जाहीर झाली. ड्रोनच्या नकाशावर प्रत्येक मिळकतीला क्रमांक पडतो, मग भूमी अभिलेखाचे चौकशी अधिकारी गावात बसून कोणती मिळकत कोणाची याची चौकशी करतात आणि त्यानंतर मिळकत पत्रिका तयार होते.

धोका या चौकशीतच आहे. त्या दिवशी हजर असलेल्या चुलतभावाने आपलेच नाव सांगितले आणि आपल्या वतीने कोणी बोलले नाही, तर पत्रिकेवर त्याचे एकट्याचे नाव येईल. आपल्या गावाची चौकशी झाली आहे का, हे तालुक्याच्या उप अधीक्षक कार्यालयाला विचारा. झाली नसेल तर गावातल्या विश्वासू व्यक्तीला रीतसर कुलमुखत्यारपत्र द्या. ते लंडनमधील भारतीय उच्चायुक्तालयात साक्षांकित करून भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा लागतो. झाली असेल तर पत्रिकेची प्रत काढा, आणि नाव चुकलेले आढळले तर चौकशी अधिकाऱ्याच्या निर्णयाची तारीख आधी पाहा, कारण अपिलाची मुदत त्या तारखेशी बांधलेली असते.